अर्ध्या किलोची चैन

रविवार, संध्याकाळ

सहा महिने झाले, म्हणजे आपत्कालीन पिशवी, भूकंप-पुरात घर सोडावं लागलं तर उचलून निघायची ती, जमिनीवर ओतून बसायची वेळ. पाणी, औषधं, शिट्टी, दोरी, कागदपत्रांच्या प्रती यांचं काही नाही. यादीवर खूण केली, तारीख पाहिली, झालं. खरं डोकं खातो तो चैनीचा कप्पा. त्यातल्या कुठल्याच वस्तूवाचून कुणाचा जीव जात नाही. पण त्या नसल्या की दुसऱ्या रात्रीपर्यंत माणूस चिडका होतो, झोपत नाही, आणि झोप नसलेलं डोकं नको ते निर्णय घेतं.

म्हणून या कप्प्याला वजनाची मर्यादा हवीच: माणशी अर्धा किलो. नाहीतर तो फुगत जातो आणि जागा करायला पहिली बाहेर पडते ती पाण्याची बाटली. वस्तू आत घालण्याआधी तीन प्रश्न. वापरायला जास्तीचं पाणी लागतं? विस्तव लागतो? चार्जिंग लागतं? दोन उत्तरं ‘हो’ आली की ती घरीच बरी.

कॉफीचं मात्र चैन म्हणून चालत नाही. रोज दोन-तीन कप पिणाऱ्याची कॉफी एकदम तुटली की साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पुढचा एक-दोन दिवस ते सर्वात जास्त ठणकतं, आणि पूर्ण उतरायला आठवडाही लागू शकतो. म्हणजे नेमकं धावपळीच्या काळात. एकेका कपाच्या सीलबंद पुड्या घ्याव्यात, २ ग्रॅमच्या. दिवसाला दोन, तीन दिवसांच्या सहा. सगळं मिळून वजन नगण्य. बरणीतून काढून पिशवीत बांधलेली पूड हवेतला ओलावा ओढून दगड होते. दूध-साखर मिसळलेल्या तयार पुड्या टाळाव्यात, कारण दुधातली चरबी खवट होते आणि ते पहिल्या घोटालाच कळतं. विस्तव नसला तरी अडत नाही: बाटलीत आधी दोन घोट पाणी, त्यात पूड, झाकण लावून जोरात हलवायचं, मग उरलेलं पाणी. एकदम भरल्या बाटलीत टाकली तर गुठळ्या वर तरंगत राहतात. हे पाणी वायाही जात नाही. माणशी रोजचं जे ३-४ लिटर धरलेलं असतं, त्यातल्या पिण्याच्या वाट्यातलंच ते.

गोड म्हणून चॉकलेट सगळ्यांना आधी आठवतं. ते साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे बंद गाडीत किंवा उन्हाच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात त्याचा निभाव नाही. पुन्हा थिजल्यावर वर पांढुरका थर येतो. तो बुरशीचा नव्हे, चरबीचा; खायला हरकत नाही, पण चव वाळूसारखी. त्यापेक्षा चघळायच्या कडक गोळ्या. फक्त पेपरमिंटच्या नकोत! त्यांचा वास साध्या प्लॅस्टिकमधून बिनदिक्कत आरपार जातो आणि सहा महिन्यांनी बिस्किटांना टूथपेस्टची चव येते. साबणाचंही तेच. घ्यायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या धातूच्या डबीत.

आता कानातले बोळे. माझ्या मते या कप्प्यातली सर्वात मोलाची वस्तू हीच, आणि वजन दोन-तीन ग्रॅम. निवारा केंद्रात शंभर माणसं झोपलेल्या दालनात खोकला, रडणं, घोरणं, दारांची उघडझाप रात्रभर चालूच असते. फोमच्या बोळ्यांच्या पाकिटावर आवाज किती घटतो याचा ३० डेसिबलच्या आसपासचा आकडा असतो, पण तो नीट बसवल्यावरचा. बहुतेक लोक बोळा कानाच्या तोंडाशी कोंबतात आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून फेकतात. पद्धत अशी: हात कोरडे आणि स्वच्छ. बोळा बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, सुरकुती न पडू देता. दुसरा हात डोक्यावरून आणून कान वरून धरून वर आणि मागे ओढायचा, त्याने कानाची नळी सरळ होते. बोळा आत सरकवून बोटाने २०-३० सेकंद धरून ठेवायचा, तो फुगेपर्यंत. आपलाच आवाज घागरीतून आल्यासारखा वाटला की बसला. काढताना हळूहळू पिळत काढायचा, झटका नाही. माणशी दोन जोड्या, कारण एक मळतेच. आणि कुटुंबातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घालायचे नाहीत. इशारा ऐकायला एक जण मोकळ्या कानांचा हवा.

चंदेरी आपत्कालीन चादर कुशीवर वळलं की चुरचुर वाजते, हा बोळ्यांचा आणखी एक उपयोग. ती चादर अंगाखाली घालून थंडी थांबत नाही. फरशी अंगातली ऊब थेट ओढून घेते आणि पातळ चादरीला ते अडवता येत नाही. खाली सेंटीमीटरभर जाडीचा, बंद छिद्रांचा फोमचा तुकडा हवा. ३० बाय ४० सेंटीमीटर पुरे: दिवसा बसायला, रात्री कमरेखाली.

लोकरी पायमोजे, एक जोड, हवाबंद पिशवीत. नियम एकच: हे फक्त झोपण्याचे. चालायला वापरले की संपले. पाय दिवसभर ओल्या बुटात राहिले तर कातडी पांढरी पडते, सुजते, भेगाळते. रात्रीचे काही तास पूर्ण कोरडे मिळणं हाच त्यावरचा उपाय. सुती मोजे भिजले की ऊब धरत नाहीत, लोकर बरीच धरते.

उजेडाबद्दल दोन ओळी. मेणबत्ती नको, भूकंपानंतर गॅस गळत असू शकतो. डोक्याला बांधायची टॉर्च पाण्याच्या पांढरट बाटलीला आत तोंड करून गुंडाळली की अख्ख्या खोलीला मऊ उजेड मिळतो. अल्कलाइन सेल टॉर्चमध्ये ठेवू नयेत. पडून पडून ते पाझरतात, पांढरी क्षारांची पुटं चढतात आणि आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. सेल बाहेर, टोकांना चिकटपट्टी लावून. पुटं चढलीच असतील तर हातमोजे घालून, कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसावीत.

ओले वाइप्स पडून पडून वाळून कागद होतात. दाबून गोळीसारखे केलेले कोरडे टॉवेल चांगले, दोन चमचे पाण्यात फुलतात.

लहान मूल असेल तर त्याचं लाडकं खेळणं पिशवीत अडकवून ठेवता येत नाही, रोज लागतं. तसंच दुसरं घ्यावं, आणि बांधण्याआधी चार-पाच रात्री त्याच्या उशाशी ठेवावं. करकरीत नवा वास मुलं लगेच ओळखतात आणि फेकून देतात. सोबत वही आणि पेन्सिल. पेनाची शाई वाळते, पेन्सिलीला ते दुखणं नाही.

सगळं काट्यावर ठेवलं: ५४० ग्रॅम. पत्त्यांचा जोड प्लॅस्टिकचा आहे, भिजला तरी फुगत नाही, म्हणून तो राहील. त्याचा जाड डबा गेला. पत्ते रबरबँडने बांधायचे नाहीत, रबर वर्षभरात चिकट होऊन पत्त्यांवर डाग पाडतं. जुन्या कापडाची पट्टी बांधली. ४९० ग्रॅम.