डॉक्टरांना दिलेली चिठ्ठी

हे लिहू की नको यात दोन महिने गेले. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत डिप्रेशनची गोळी चालू आहे एवढं सांगणंच अवघड, त्यात त्या गोळीने नवरा-बायकोमधलं काय बदललं ते कसं सांगायचं. पण मला तेव्हा असं काही मराठीत वाचायला मिळालं असतं तर मी जो एक मोठा घोळ घातला तो घातला नसता, म्हणून लिहितेय.

आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी आजारी पडले. रडू कमीच यायचं, काहीच न वाटणं जास्त होतं. भात चुलीवर ठेवून समोरच बसायचे आणि करपल्याचा वास नाकात जाऊनही उठायचं सुचायचं नाही. जूनमध्ये भर पावसात कणकवलीला सायकिअ‍ॅट्रिस्टकडे गेलो. कणकवलीलाच का, तर आमच्या बाजारातला मेडिकलवाला सासऱ्यांना ओळखतो. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम सुरू झाली. सुरुवातीला मळमळ झाली, जांभया यायच्या, मग हळूहळू बरं वाटायला लागलं आणि गणपतीपर्यंत मी माणसात आले. मोदक वळले, रात्री भजनाला आलेल्यांची उसळ मी एकटीने केली. त्या गोळीने मला परत आणलं, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कोणी गोळीला घाबरून बसू नये.

त्याच दिवसांत लक्षात आलं की शरीर काही परत आलेलं नाही. आजारी होते तेव्हा इच्छाच नव्हती आणि नसल्याचं काही वाटतही नव्हतं. आता वेगळंच होतं, मनात यायचं, नवऱ्याजवळ जावंसं वाटायचं, पण हाताला मुंग्या आल्या की स्पर्श कळतो आणि तरी तो हात आपला वाटत नाही ना, तसं सगळं, आणि कितीही वेळ गेला तरी शेवटाला पोचणं म्हणून नाहीच, अर्ध्यावरच थांबायचं. मग मी झोपेचं सोंग घ्यायला लागले. नवरा काही बोलला नाही. नोव्हेंबर लागला तसा तो पडवीत झोपायला लागला, म्हणे पहाटे उठून कलमांवर फवारणी असते, तुझी झोप मोडते. मला खरं कारण कळत होतं आणि तरी माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

डॉक्टरांनी दर वेळी झोप विचारली, भूक विचारली, वाईट विचार येतात का ते विचारलं. हे नाही विचारलं. मीही नाही सांगितलं, नवरा शेजारी, बाहेर पंधरा पेशंट, आणि मुळात या गोष्टीला मला शब्दच नव्हता! पुस्तकी मराठीत कामपूर्ती की काय म्हणतात, तो शब्द मी जन्मात उच्चारलेला नाही.

मग मी तो घोळ घातला. कोणाला न विचारता गोळी बंद केली, एकदम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं व्हायचं, चक्कर, चिडचिड, पोरीवर उगाच ओरडले, आणि महिनाभरात ते चुलीपुढचं बसणं पुन्हा सुरू झालं. जत्रेला सगळी वाडी दशावतार बघायला गेली आणि मी अंधारात घरी. नवरा अर्ध्यातून परत आला, खळ्यात माझ्या बाजूला बसला आणि म्हणाला, "माका वाटला तुका मी नको झालंय." त्या रात्री मी त्याला सगळं सांगितलं, गोळी बंद केली तेसुद्धा.

पुढच्या वेळी मी घरूनच वहीच्या कागदावर लिहून नेलं. "इच्छा होते पण शरीर बधिर राहतं. शेवट होत नाही. गोळी सुरू केल्यापासून." एवढंच, आणि कागद टेबलावर सरकवला. डॉक्टरांनी वाचलं, चेहरा जराही बदलला नाही, म्हणाले हा या गोळ्यांचा नेहमीचा परिणाम आहे, मीच आधी विचारायला हवं होतं. मग नीट समजावलं. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन वाढलं की मन सावरतं पण तेच सेरोटोनिन शरीराच्या या क्रियेला ब्रेक लावतं. इतकं ठरलेलं आहे हे, की याच जातीची डॅपोक्सेटिन नावाची गोळी ज्या पुरुषांचं फार लवकर होतं त्यांना मुद्दाम देतात. म्हणजे माझ्या मनाचा दोष नाही, नवऱ्याचाही नाही. मला तिथेच रडू आलं.

नंतर मी शोधून वाचलं. १९९७ साली स्पेनमधल्या ३४४ पेशंटचा एक अभ्यास छापून आला होता, आपणहून हा त्रास सांगणारे १४ टक्के, आणि डॉक्टरांनी सरळ विचारल्यावर हो म्हणणारे ५८ टक्के. म्हणजे आमच्या वाडीतल्या बायकाच लाजतात असं नाही.

उपाय बरेच असतात. काही जणांचं काही महिन्यांत आपोआप सुधारतं, कधी डोस कमी करतात, पुरुषांना कधी सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) जोडून देतात, नाहीतर बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनसारखी गोळी बदलून देतात ज्यात हा त्रास कमी होतो. मला बुप्रोपिऑन दिली, आधी फिट येतात का ते विचारून, कारण फिटवाल्यांना ती चालत नाही. तोंड कोरडं पडतं, झोप थोडी कमी झाली, म्हणून सकाळीच घेते. दीड-दोन महिन्यांनी शरीर माझं वाटायला लागलं. अगदी पहिल्यासारखं रोज नाही, पण आहे. डॉक्टरांनी हेही लपवलं नाही की थोड्या लोकांना गोळी बंद केल्यावरही हा त्रास राहतो, २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी तशी सूचना औषधांच्या माहितीपत्रकात घालायला सांगितली. मला वाटतं हे गोळी सुरू करतानाच सांगायला हवं. ऐकूनही मी ती घेतलीच असती, पण तीन महिने स्वतःला दोष देत बसले नसते.

परवा आंब्याच्या पेट्या भरताना मोठ्या जाऊबाईंना हे हळूच सांगितलं. त्यांचीही गोळी चालू आहे. गवत पसरता पसरता त्यांचा हात थांबला. "माझापण तसाच आसा गो, चार वर्सा झाली." मग बराच वेळ काही नाही, आणि पेटी बांधून झाल्यावर, "डॉक्टराक कसा सांगलंस तू?"

मी पेटीवरच्या कागदाचा कोपरा फाडला आणि ती तीन वाक्यं त्यांना लिहून दिली. त्यांची तारीख पुढच्या मंगळवारी आहे, सकाळच्या एस्टीने आम्ही दोघी जाणार.