तुम्ही विचारलंत म्हणून : सिलिकॉन व्हॅलीतले पुरोगामी धनिक ट्रंपकडे का गेले?

हा प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो : "ज्यांनी ओबामांना पैसे दिले, हिलरींना दिले, तीच माणसं २०२४मध्ये ट्रंपच्या मागे कशी उभी राहिली? एवढं काय बिनसलं?" विचारणाऱ्याच्या घरातलं कुणीतरी सनीव्हेल किंवा फ्रीमॉंटला असतंच, आणि तिकडून येणारी उत्तरं दोन टोकांची असतात. एक म्हणतो, शहरांची वाट लावली म्हणून गेले. दुसरा म्हणतो, कर वाचवायला गेले.

दोन्हीत तथ्य आहे. मात्र ती वेगवेगळ्या माणसांबद्दल आणि वेगवेगळ्या निवडणुकांबद्दल आहेत, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

आधी मतांचं बघा. सॅन फ्रान्सिस्को शहरात २०२०मध्ये ट्रंपना १३ टक्क्यांच्या आसपास मतं होती. २०२४मध्ये ती १५च्या थोडी पुढे गेली. कमला हॅरिसना तिथे ८० टक्के मिळाली. म्हणजे लॅपटॉप घेऊन बसमधून कामाला जाणारा, चांगला पगार घेणारा वर्ग जागचा फारसा हलला नाही. हलले ते मूठभर लोकांचे चेक. एका माणसाचं मत एकच, चेकला मात्र सात शून्यं असू शकतात. त्यामुळे मूठभर लोक सरकले तरी बाहेरून पाहणाऱ्याला अख्खी व्हॅली सरकल्यासारखी वाटते.

निराशेचा भाग खरा आहे आणि तो मुख्यतः शहराच्या कारभाराचा आहे. जानेवारी २०२१मध्ये, करोनामुळे शाळा बंद असताना, सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने ४४ शाळांची नावं बदलायचा ठराव केला. लोवेल या गुणवत्तेवर प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळेत सोडत आणली. आठवीतलं बीजगणित तर २०१४पासूनच बंद होतं. मुलाच्या गणिताला हात लावला की आशियाई घरं खवळतात, हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. १५ फेब्रुवारी २०२२ला मंडळाच्या तीन सदस्यांना मतदारांनी परत बोलावलं, म्हणजे मुदतीआधी पदावरून काढलं, तेही दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी. त्याच वर्षी जूनमध्ये जिल्हा सरकारी वकील चेसा बूडिन यांनाही सुमारे ५५ टक्के मतांनी घरी बसवलं. दुकानांतल्या चोऱ्या आणि फुटपाथवरची उघड नशा हे त्यातले मुद्दे. या मोहिमांना पैसा पुरवणाऱ्यांत जुने रिपब्लिकन देणगीदार होते, तसे आयुष्यभर डेमोक्रॅटिक पक्षाला देणारेही होते.

पण या रागाचा शेवट कुठे झाला ते पाहा. नोव्हेंबर २०२४मध्ये शहराने महापौर म्हणून डॅनियल लूरी यांना निवडलं. लेव्हाय स्ट्रॉस या जीन्सवाल्या घराण्यातले श्रीमंत, मवाळ आणि डेमोक्रॅट. त्याच दिवशी कॅलिफोर्नियाने चोरीच्या शिक्षा कडक करणारा ३६ क्रमांकाचा प्रस्ताव मोठ्या फरकाने मंजूर केला आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी हॅरिस यांना मत दिलं. निराशा माणसाला उजवीकडे सरकवते हे खरं, पण इथे ती पक्षाच्या आतच सरकली. फुटपाथवरच्या घाणीला वैतागून थेट ट्रंपना पन्नास लाख डॉलर दिले, असं कुणी सांगू लागलं तर मधला टप्पा विचारावा. महापालिकेचा कचरा राष्ट्राध्यक्ष उचलत नाही.

मधला टप्पा ताळेबंदात सापडतो. नवउद्योगांत पैसा घालणारे बडे गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन आणि बेन हॉरोविट्झ यांनी जुलै २०२४मध्ये ट्रंपना पाठिंबा जाहीर केला, तेव्हा कारणंही मोकळेपणाने सांगितली : क्रिप्टोवर तुटून पडलेलं रोखे नियामक मंडळ, एआयवर येऊ घातलेली बंधनं आणि न विकलेल्या शेअरच्या वाढीव किमतीवर कर लावायचा बायडन यांचा प्रस्ताव. अँड्रीसन यांच्या सांगण्यानुसार या कराने निर्णय पक्का केला.

तो प्रस्ताव होता असा. ज्याची संपत्ती १० कोटी डॉलरहून जास्त, त्याने न विकलेल्या मालमत्तेची वाढ धरून किमान २५ टक्के कर भरावा. आक्षेप असा, की २० कोटींचे शेअर कागदावर आहेत, बाजारात विकता येत नाहीत, मग कर भरायला रोकड आणायची कुठून? ऐकायला बिनतोड वाटतं. पण याच अडचणीची सोय प्रस्तावात होती : सहज विकता येणारी मालमत्ता एकूण संपत्तीच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर फक्त तेवढ्याच भागावर कर भरायचा, बाकीचा प्रत्यक्ष विक्रीच्या वेळी, वर थोडा आकार देऊन. पहिल्या वर्षीचा कर नऊ हप्त्यांत भरायची मुभाही होती. शिवाय त्या वेळच्या अमेरिकी संसदेत हा प्रस्ताव मंजूर होण्याची शक्यता नव्हतीच. तरी या दोघांना बाजू बदलायला तो पुरेसा ठरला. माझ्या मते याचं कारण रकमेपेक्षा मानाचं जास्त आहे. कंपन्या उभारणारा म्हणून ज्या पक्षाने दहा-पंधरा वर्षं डोक्यावर घेतलं, त्याच पक्षाने एकदम वसुलीच्या यादीत नाव घालावं, हे झोंबलं.

याहून खरी आणि रोजची झळ एका रुक्ष कलमाची होती, अमेरिकी आयकर कायद्याच्या १७४व्या. समजा एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं वर्षाचं उत्पन्न १० लाख डॉलर आणि अभियंत्यांचे पगारही १० लाख. नफा शून्य, कर शून्य. २०२२पासून नियम बदलला : संशोधन आणि विकासाचा खर्च, म्हणजे हेच पगार, एका वर्षात वजा न करता पाच वर्षांत वाटून घ्यायचे, आणि पहिलं वर्ष निम्मंच धरायचं. म्हणजे पहिल्या वर्षी वजावट फक्त १ लाख. कागदावर नफा ९ लाख, आणि आधीचा तोटा शिल्लक नसेल तर २१ टक्क्यांनी कर १,८९,००० डॉलर. बँकेत पैसा नाही, तरी कर आहे. काम पुण्यात करून घेतलं असेल तर मुदत पाच नाही, पंधरा वर्षं. पहिल्या वर्षी वजावट जेमतेम ३३ हजार, आणि कर दोन लाखांच्या वर.

छोट्या कंपन्यांचा या कलमावरचा राग अगदी रास्त होता. पण हा बदल आला कुठून? २०१७च्या, ट्रंप यांनीच सही केलेल्या करकायद्यातून. कर कपातीचा हिशेब जुळवायला ही तरतूद पाच वर्षं पुढची तारीख घालून तिथे टाकलेली होती. ती दुरुस्त करणारं विधेयक जानेवारी २०२४मध्ये कनिष्ठ सभागृहात ३५७ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झालं आणि १ ऑगस्टला सिनेटमध्ये मुख्यतः रिपब्लिकन विरोधामुळे अडकलं. बिल आलं बायडन यांच्या काळात, म्हणून शिव्या बायडन यांनी खाल्ल्या. करकायद्यात तारीख पुढची घालण्याची खुबी नेमकी हीच असते.

इथे एक विषयांतर. या मंडळींना सरसकट पुरोगामी म्हणणंच मुळात ढिलं आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांच्या संस्थापकांची मतं तपासली, तेव्हा चित्र मजेशीर निघालं. समलिंगी विवाह, स्थलांतर, श्रीमंतांवर जास्त कर, गरिबांसाठी योजना, या सगळ्याला पाठिंबा. सरकारी नियमन आणि कामगार संघटना म्हटलं की मात्र कपाळाला आठ्या. भेग जुनीच होती. ओबामांच्या काळात नियमनाचा हात या धंद्यावर जोरात पडला नव्हता, म्हणून ती कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. लीना खान मक्तेदारीला आळा घालणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनच्या प्रमुख झाल्या आणि गॅरी गेन्सलर रोखे मंडळावर बसले, तेव्हा ती उघडी पडली.

तरीही हितसंबंध तेच असून सगळे गेले नाहीत. लिंक्डइनचे सहसंस्थापक रीड हॉफमन यांनी हॅरिस यांना भरघोस पैसा दिला आणि खान यांना बदला असं टीव्हीवर सांगितलं. उद्योजक मार्क क्यूबन हॅरिस यांच्यासाठी फिरले. हॅरिस यांनीही भांडवली नफ्यावरच्या कराचा दर बायडन यांच्या ३९.६ टक्क्यांच्या प्रस्तावावरून २८वर आणला. म्हणजे पक्षात राहूनही भाव करता येत होता. खुद्द हॉरोविट्झ यांनी ऑक्टोबरमध्ये हॅरिस यांच्या बाजूलाही देणगी देणार असल्याचं कळवलं. आणि गंमत म्हणजे खान यांचं जाहीर कौतुक करणाऱ्यांत ट्रंप यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स होते.

पैसा जातो कसा, हे कळलं की बरंच धुकं निवळतं. २०२४मध्ये उमेदवाराला थेट देण्याची मर्यादा एका निवडणुकीला ३,३०० डॉलर होती, म्हणजे प्राथमिक आणि मुख्य मिळून ६,६००. मग ६ जून २०२४ला गुंतवणूकदार डेव्हिड सॅक्स यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या, पॅसिफिक हाइट्समधल्या घरी जेवणाचं ताट जोडप्यामागे ५ लाख डॉलरला कसं? कारण चेक संयुक्त समितीच्या नावाने लिहायचा. त्यातले ६,६०० उमेदवाराला, ५,००० ट्रंप यांच्या सेव्ह अमेरिका समितीला, नंतर रिपब्लिकन राष्ट्रीय समितीच्या वेगवेगळ्या खात्यांना मिळून ४,१३,००० पर्यंत, आणि उरलेले राज्यांच्या पक्षांना प्रत्येकी १०,००० पर्यंत. सुपर पॅकला, म्हणजे उमेदवाराच्या हातात पैसा न देता स्वतंत्र प्रचार करणाऱ्या समितीला, तर मर्यादाच नाही; एलॉन मस्क यांनी त्या निवडणुकीत २५ कोटी डॉलरहून जास्त ओतले ते बहुतांशी याच वाटेने. मार्च २०२४मध्ये निवडणूक आयोगाने घरोघरच्या प्रचाराबाबत सुपर पॅकना उमेदवाराशी संगनमत करायची मोकळीक दिली, आणि त्या पैशाची धार वाढली.

क्रिप्टोवाल्यांची फेअरशेक समिती याहून धूर्त. कॅलिफोर्नियाच्या प्राथमिक फेरीत केटी पोर्टर यांच्या विरोधात एक कोटी डॉलर, ओहायोत शेरॉड ब्राउन यांच्या विरोधात सुमारे चार कोटी; दोघेही डेमोक्रॅट. पण मिशिगन आणि ॲरिझोनात डेमोक्रॅट उमेदवारांच्या बाजूने प्रत्येकी एक कोटी. इथे विचारसरणी शोधणं व्यर्थ आहे.

स्वतः पडताळायचं असेल तर अमेरिकी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वैयक्तिक देणग्यांचा शोध सर्वांना खुला आहे. नाव, राज्य आणि सालांचा पट्टा घाला. पट्टा किमान २००८पासूनचा घ्या, नाहीतर "आधी कुठे होता" हेच कळणार नाही. मग पिन कोड आणि मालकाचं नाव जुळतंय का पाहा, कारण एकाच नावाची चार माणसं निघतात. फसगत दोन ठिकाणी होते. एक, मालकाच्या रकान्यात "गूगल" दिसलं की लोक गूगलने पैसे दिले असं लिहून मोकळे होतात. ते फक्त कर्मचाऱ्याने स्वतःबद्दल भरलेलं असतं. दोन, संयुक्त समितीतून किंवा ॲक्टब्लू, विनरेडसारख्या ऑनलाइन देणग्या गोळा करणाऱ्या मध्यस्थांकडून गेलेली रक्कम दोनदा दिसते. "मेमो" खूण असलेल्या ओळी बेरजेत धरायच्या नाहीत. मग नोंदींच्या तारखा आणि त्या माणसाने सांगितलेलं कारण शेजारी मांडा. शाळांचा राग २०२१चा आणि पहिला मोठा चेक २०२४च्या करप्रस्तावानंतरचा असेल, तर चेक कशाचा ते दिसतं. मात्र नाव न सांगता देता येणाऱ्या संस्थांमधला पैसा इथे सापडत नाही, त्यामुळे कोरी पाटी म्हणजे देणगी नाहीच असं समजू नये.

मिळालं काय? ४ जुलै २०२५च्या कायद्याने अमेरिकेतल्या संशोधन खर्चाची पूर्ण वजावट परत आली. नवउद्योगाच्या शेअरवरच्या करमुक्त नफ्याची मर्यादा १ कोटीवरून दीड कोटी डॉलर झाली. कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीवरचा खटला रोखे मंडळाने मागे घेतला आणि सॅक्स व्हाइट हाउसमध्ये एआय आणि क्रिप्टोचे प्रमुख झाले. उलट बाजूला विजेच्या गाड्यांवरची ७,५०० डॉलरची सवलत त्याच कायद्याने संपवली, आणि सप्टेंबर २०२५मध्ये परदेशातून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जामागे एक लाख डॉलरचं शुल्क आलं. एक लाख डॉलर मोठी कंपनी कुरकुरत भरेल; दहा माणसांची कंपनी तो अर्जच करणार नाही.

याला जोडूनच येणारा प्रश्न : आपला मुलगा तिकडे आहे, त्याने कुणाला देणगी द्यावी का? एच-१बीवर असेल तर एक डॉलरही देऊ नये, कायद्याने त्याला बंदी आहे. ग्रीन कार्ड असेल तर देता येते, मत मात्र देता येत नाही. आणि तो पुण्यातल्या शाखेकडून काम करून घेणाऱ्या छोट्या कंपनीत असेल तर हेही सांगा, की परदेशी संशोधन खर्चाची पंधरा वर्षांची अट २०२५च्या कायद्याने तशीच ठेवली आहे.