कॉलमचं माप

आमचा मामा तालुक्याच्या गावी शिंपी होता आणि जिल्ह्याच्या एका दैनिकाचा वार्ताहरही. दोन्ही धंद्यांना मिळून वही एकच. डाव्या पानावर ‘छाती 38, कंबर 34’, उजव्या पानावर ‘सोसायटीच्या चेअरमनपदी बिनविरोध निवड’. एकदा घाईघाईत चेअरमनसाहेबांची कंबर बातमीत निघालीच होती. पाकीट चिकटवण्याआधी मामीनं कागद वाचला म्हणून साहेबांची अब्रू वाचली.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. दुपारी कटिंग आटोपलं की मामा पाठकोऱ्या कागदांवर बातम्या उतरवायचा आणि पाकीट देऊन मला एसटी स्टँडवर पिटाळायचा. सव्वापाचच्या गाडीचा कंडक्टर ते सीटजवळ कुठंतरी खोचून ठेवी, जिल्ह्याच्या स्टँडवर पेपरचा शिपाई उतरवून घेई. वाटेत गाडी पंक्चर झाली, की आमच्या तालुक्यात त्या दिवशी काहीही घडलं नाही असं समजायचं. खून किंवा पूर असला तरच ट्रंक कॉल. तोही इतक्या मोठ्यानं ओरडून, की पेपर यायच्या आधी निम्म्या बाजारपेठेला बातमी पाठ.

या सगळ्या यातायातीचं मूळ पुण्यात आहे, हे मला फार उशिरा कळलं. 1932 पर्यंतची बरीचशी मराठी पत्रं ही मतपत्रं. अग्रलेख लिहिणारा संपादक मोठा, आणि भाजीचा दर वगैरे त्याच्या लेखणीला न शोभणारी गोष्ट. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या नानासाहेब परुळेकरांनी 1 जानेवारी 1932 रोजी ‘सकाळ’ काढला आणि बाजारभावाला, गावोगावच्या बातमीला मानानं बसायला पाट दिला. त्यासाठी जागोजागी माणसं हवीत, ती त्यांनी नेमली. मग 1939 मध्ये कोल्हापुरात ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’ दैनिक झाला. बेळगावात बाबुराव ठाकुरांचा ‘तरुण भारत’ त्याआधीपासून होताच. गोव्यातून पोर्तुगीज गेले डिसेंबर 1961 मध्ये, आणि मार्च 1962 मध्ये बा. द. सातोसकरांच्या संपादकत्वाखाली ‘गोमन्तक’ लोकांच्या हातात आला. माझा जीव मात्र मुकुंदराव पाटलांवर आहे. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून त्यांनी ‘दीनमित्र’ चालवला. तो दैनिक नव्हे, साप्ताहिक. पण पुण्या-मुंबईच्या शहाण्यांकडे न बघता खेड्यात बसून खेड्यासाठी पत्र काढायचं, तेही अनेक दशकं, याला छाती लागते. (किती इंच, ते मामा सांगू शकला असता.)

मामाला यातलं काही ठाऊक असेल असं वाटत नाही. त्याचं नाव कधी छापून आलं नाही. गावाचं नाव, पुढं कंसात ‘वार्ताहर’, संपलं. मानधन मिळायचं छापून आलेल्या मजकुराच्या कॉलम-इंचावर. त्यामुळं महिन्याअखेरीला दुकानात एक सोहळा असे. मामा कात्रणं पाटावर पसरायचा, गळ्यातला टेप काढायचा आणि एकेका बातमीचं माप घ्यायचा. मी लिहून घ्यायचो. ‘हरिनाम सप्ताह, अडीच. विहिरीत म्हैस, दीड. पालकमंत्र्यांचा दौरा, नऊ.’ मंत्री आले की मामाला बरं वाटायचं ते एवढ्याचसाठी. म्हशीच्या बातमीवर त्यानं जास्त मेहनत घेतलेली असायची, पण उपसंपादकाची कात्री मामाच्या कात्रीपेक्षा धारदार होती.

तेव्हा आमच्या पेपरात अजून छपाईसाठी एकेका अक्षराचे खिळे हातानं जुळवत. मी एकदा मामाबरोबर तिथं गेलो होतो. शिशाचा नि शाईचा वास, मिणमिणत्या दिव्याखाली लाकडी केसमधली बारीक बारीक घरं, आणि न बघता त्यातून अक्षरं उचलणारे जुळारी. इंग्रजीची सव्वीस अक्षरं असतात. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागतात. त्यात मुद्राराक्षसानं हात घातला तर नवल ते काय! त्यानं आमच्या तालुक्यावर विशेष लोभ ठेवला होता.

एका जूनमध्ये मामानं साधी बातमी पाठवली होती: सोसायटीतर्फे सभासदांना खतवाटप. कुठल्याशा घरातला अनुस्वार उडून नेमका ‘ख’वर बसला आणि सकाळी मथळा आला, ‘सभासदांना खंतवाटप’. नऊच्या सुमाराला चेअरमन दुकानात हजर. त्यांच्या मागोमाग चार-पाच सभासदही आले, आणि ‘पहिल्यांदा खरी बातमी दिलीत’ म्हणून त्यांनी मामाला चहा पाजला. तो चेअरमनांनाही प्यावा लागला.

दोन दिवसांनी आतल्या पानावर खाली कोपऱ्यात दुरुस्ती छापून आली. महिन्याच्या हिशेबाला मामानं तेही कात्रण पाटावर ठेवलं, टेप लावला आणि मला म्हणाला, ‘‘लिही, खंत तीन इंच. दुरुस्ती पाऊण.’’