स्टुटगार्टचं किचन आणि आण्णांचं ट्रायकोकार्ड

स्टुटगार्टमधे भाड्याने घर मिळणं म्हणजे काय असतं ते इथे राहणाऱ्यालाच विचारा. सात महिने मी, नवरा आणि सव्वा वर्षाची लेक एका खोलीत राहिलो, साठेक ठिकाणी अर्ज टाकले, बहुतेकांनी साधं नाही म्हणायलापण उत्तर दिलं नाही, आणि शेवटी बाड कानश्टाटमधे एका जुन्या बिल्डिंगमधे तिसऱ्या मजल्यावर अडीच खोल्यांचं घर मिळालं तेव्हा मी रडलेच. १ सप्टेंबरला चाव्या मिळाल्या. लाकडी जमीन, उंच छत, बाल्कनीतून खाली चेस्टनटचं मोठं झाड. आईला व्हिडिओ कॉलवर सगळं फिरून दाखवलं, ती म्हणाली, "बाई गं, उजेड किती चांगलाय."

आता इथली एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. जर्मनीत बरीच घरं किचनशिवाय भाड्याने देतात. म्हणजे खोली असते, पाण्याची आणि शेगडीची जोडणी असते, पण ओटा, सिंक, कपाटं यातलं काहीच नाही. आधीचा भाडेकरू आपलं किचन एकतर उचकटून घेऊन जातो नाहीतर येणाऱ्याला विकतो, त्या पैशाला आब्ल्योझं म्हणतात. आम्ही १,५०० युरो देऊन जुनं किचन घेतलं, नवीन करायचं तर याच्या कितीतरी पट खर्च. कपाटं बाहेरून स्वच्छ, आतून पुसलेली, वासबिस काही नाही. मी दोन दिवस लावून सामान भरलं. वाणसामान तर होतंच, शिवाय ऑगस्टमधे गावाकडून येताना आईने दिलेली चकलीची तीन किलो भाजणी, मेतकूट, नाचणीचं पीठ, लेकीसाठी नाचणी सत्व, शेंगदाणे, सुकं खोबरं.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी किचनमधे दिव्याजवळ एक छोटं पाखरू फिरताना दिसलं, वाटलं उघड्या खिडकीतून आलं असेल. दुसऱ्या दिवशी दोन, आठवड्याने पाच. जेमतेम सेंटिमीटरभर, बसल्यावर पंख मिटून काडीसारखं दिसणारं, पंखाचा पुढचा भाग फिकट राखाडी आणि मागचा तांब्याच्या रंगाचा. दिवसा दिसायचं नाही, अंधार पडायला लागला की निघायचं. मग एके रात्री लेकीला दूध गरम करायला उठले तर छताच्या कोपऱ्यात एक पांढरट अळी चढताना दिसली, आणि तिच्या पुढे अजून एक.

मी कुणाला सांगितलं नाही. हे आज लिहितानापण मला जड जातंय. आमच्या बिल्डिंगमधे केअरवोख आहे, म्हणजे जिना झाडायची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर ती छोटी पाटी लटकवतात आणि आठवडाभर जिना, दाराबाहेरचा फुटपाथ त्याने साफ ठेवायचा, ही खास या श्वाबियन भागातली जुनी पद्धत. इतक्या काटेकोर लोकांच्यात आम्ही एकटेच भारतीय, येऊन महिना झाला नाही आणि घरात किडे. मी इंटरनेटवर शोधलं तर इंग्रजी नाव निघालं इंडियन मील मॉथ. ते वाचून पोटात खड्डा पडला. मला वाटलं झालं, हे आपल्याच डाळीतून आलं, आपल्याच बॅगेतून.

(नावाचं नंतर कळलं. १९व्या शतकात एसा फिच नावाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने मक्याच्या पिठावरून ते नाव दिलं, तिकडे मक्याच्या पिठाला इंडियन मील म्हणायचे. आपल्या देशाशी त्या नावाचा काही संबंध नाही. जर्मन लोक तर याला सुक्या मेव्याचं पाखरू म्हणतात.)

सहा आठवडे मी एकटी झगडत होते. रोज कपाटं पुसायची, तमालपत्र ठेव, लवंगा ठेव, दिसलं पाखरू की टाळी मार. चिकट सापळे आणून लावले त्यात रोज चार-पाच चिकटायची तरी संपेनात, कारण त्या सापळ्याला मादीचा वास लावलेला असतो, त्यात अडकतात फक्त नर. मादी मोकळीच राहते आणि एक मादी शेकड्यात अंडी घालते. आपल्याकडचं ज्ञानपण चालेना. तूरडाळीला एरंडेल चोळतात, गव्हात कडुनिंबाचा पाला घालतात, हे सगळं सोंडे-टोके-पोरकिड्यांसाठी ठीक आहे, पण पिठाला आणि भाजणीला एरंडेल कुठे लावणार. आणि या अळ्या पातळ प्लॅस्टिकची पिशवी कुरतडून आत जातात, नुसती गाठ मारून, क्लिप लावून काही होत नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी चकलीसाठी भाजणीचा डबा उघडला. वरून सगळं ठीक दिसत होतं. चमचा घातला आणि वर उचलला तर त्याच्याबरोबर भाजणीची एक पातळ चादरच्या चादर उचलून आली, कोळ्याच्या जाळ्यात पीठ अडकावं तशी, आणि लोंबत राहिली. खाली गाठी, गाठीत अळ्या. आईने तांदूळ-डाळी धुऊन, सावलीत वाळवून, एकेक जिन्नस मंद भाजून, गिरणीत स्वतः उभं राहून दळून आणलेली भाजणी. मी डबा घेऊन किती वेळ उभी होते माहीत नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला अन्न कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. त्या दिवशी आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

आई काही बोलायच्या आधी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोन घेतला. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात, शेती सगळी उसाची. आण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "अगं, पण मूळ कुठंय ते बघितलंस का? उडणारं मारून काय होणार, अंडी कुठं घालतंय ते हुडक."

त्या शनिवारी आम्ही किचन उघडलं. सामान सगळं बाहेर, ड्रॉवर रुळावरून काढून बाहेर, खालची पट्टी (कपाटाच्या पायांपुढे जी लाकडी फळी असते, ती नुसती क्लिपवर असते, ओढली की निघते) तीपण काढली. सगळ्यात खालच्या ड्रॉवरच्या मागे, भिंतीला लागून, एक पाकीट पडलेलं होतं. दळलेले हेझलनट, इथे नाताळच्या बिस्किटांसाठी घरोघरी आणतात ते. अर्धं वापरलेलं, तारीख दोन वर्षांपूर्वीची. आत नट असे राहिलेच नव्हते, राखाडी जाळीचा एक गोळा होता आणि तो हलत होता.

नवरा म्हणाला, "हे आपल्या आधीचं आहे." मी खाली जमिनीवरच बसले. सहा आठवडे मी आईच्या भाजणीला दोष देत होते.

अजून एक जागा सांगते जी मला कुणी सांगितली नसती तर कळली नसती. कपाटात फळी वरखाली सरकवता यावी म्हणून दोन्ही बाजूला ओळीने छोटी छोटी भोकं पाडलेली असतात. मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं तर दर चार-पाच भोकांमागे एका भोकाच्या तोंडाशी पांढरा बुच्चा. टूथपिकने ओढला की रेशमी कोष बाहेर येतो, आत तपकिरी तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी. मी रोज कपाट पुसायचे ते फळ्या पुसायचे, हे सगळे भोकात निवांत होते. ही भोकांची युक्ती खालच्या मजल्यावरच्या आजींची. त्या शनिवारी कचऱ्याच्या पिशव्या घेऊन मी जिन्यात होते, त्यांनी विचारलं काय झालं, आणि मी मोडक्या जर्मनमधे खरं सांगून टाकलं. मला वाटलं आता चेहरा पडेल. त्या म्हणाल्या, "आख, मोटन (पाखरं)! ते तर आम्हाला सगळ्यांनाच झालेत कधी ना कधी." आणि वर येऊन, चष्मा लावून, केस वाळवायचं ड्रायर मागून घेतलं आणि एकेका भोकात, फळ्यांच्या सांध्यात गरम वारा मारायला लावला. नंतर व्हॅक्युमची बारीक नळी, आणि व्हॅक्युमची पिशवी त्याच क्षणी बाहेरच्या डब्यात. जाताना रबराची रिंग आणि तारेचा खटका असलेल्या सहा काचेच्या बरण्या देऊन गेल्या. साध्या फिरकीच्या झाकणाच्या आट्यातून बारीक अळी आत शिरते म्हणे, रबर पाहिजेच.

मग त्यांनी एक शब्द कागदावर लिहून दिला, श्लुप्फवेस्पन. अर्थ बघितला तर गांधीलमाशीच्या जातीतले परजीवी कीटक. दुकानात, ऑनलाइन कार्ड मिळतात, कार्डावर हे असतात, ते कपाटात ठेवायचं. नवऱ्याने तोपर्यंत फवारायचा डबा आणून ठेवलेला. घरात रांगणारं मूल, ते जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, त्यामुळे मला फवारणी नको होती, पण किड्यांवर उपाय म्हणून अजून किडे घरात आणायचे हे पण मनाला पटेना. रात्री आण्णांना फोन केला, कार्डाचा फोटो पाठवला.

आण्णा म्हणाले, "अगं पोरी, हे ट्रायकोकार्ड हाय! आपण उसाला लावतोय तेच."

आणि खरंच तेच. ट्रायकोग्रामा. उसाच्या खोडकिडीसाठी आमच्याकडे कितीतरी वर्षं लावतात, कारखान्याकडून मिळतात, एका कार्डावर साधारण २०,००० अंडी असतात, पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. लहानपणी मी आण्णांच्या मागे स्टेपलर घेऊन फिरलेय पण ते काय आहे हे कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री तासभर त्यांनी समजावून सांगितलं. अर्धा मिलिमीटरसुद्धा नसलेला हा कीटक दुसऱ्या पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालतो, आतलं पिल्लू ते अंडं खाऊन मोठं होतं, म्हणजे अळी जन्मालाच येत नाही. माणसाला चावत नाही, अन्नाला तोंड लावत नाही, आणि पतंगाची अंडी संपली की आपोआप संपतो. आपल्याकडे ही कार्डं बनवायला प्रयोगशाळेत तांदळाचा पतंग, म्हणजे माझ्या किचनमधल्या पाखराचाच जवळचा नातलग, भरडलेल्या धान्यावर मुद्दाम वाढवतात आणि त्याचीच अंडी कार्डावर चिकटवतात. आण्णांनी दोन गोष्टी बजावल्या. फवारणी अजिबात नाही, नाहीतर पाखराच्या आधी मित्रकीटक मरतो. आणि कार्ड आलं की बघायचं, अंडी काळी पडलेली पाहिजेत, काळी म्हणजे आत जीव आहे. फवाऱ्याचा डबा परत गेला.

चार हप्ते मागवले, दर तीन आठवड्यांनी एक, साध्या पत्रासारखं पाकीट टपालात यायचं. इतके हप्ते का तर हा कीटक फक्त अंड्यावर जातो, ज्या अळ्या झाल्यात, जे कोष झालेत ते तसेच राहतात, त्यांची पाखरं होऊन ती पुन्हा अंडी घालतील तेव्हा कपाटात ताजी फौज हजर पाहिजे. म्हणून पहिल्या कार्डानंतर पंधरा दिवस पाखरं दिसतच होती आणि बरेच लोक इथेच कंटाळून सोडतात. मी प्रत्येक कार्ड आलं की मोबाईलचा कॅमेरा झूम करून आण्णांना फोटो पाठवायचे, ते उत्तर द्यायचे, "माल चांगलाय."

घरमालकाचं थोडक्यात सांगते. मी ईमेल केला, उत्तर आलं की किचन माझं नाही, तुम्ही आधीच्या भाडेकरूकडून घेतलंय. भाडेकरू संघात पैसे भरून सभासद झाले, त्यांनी पण सांगितलं की खाजगीत विकत घेतलेलं किचन भाड्याच्या घराचा भाग धरत नाहीत. पण एक महत्त्वाची गोष्ट कळली, घरात काहीही दोष दिसला की घरमालकाला ताबडतोब कळवणं हे इथे कायद्याने भाडेकरूचं काम आहे (बीजीबी म्हणजे जर्मन दिवाणी कायदा, कलम ५३६ सी), गप्प बसल्यामुळे नुकसान वाढलं तर भरपाई आपल्याकडे मागू शकतात. मी सहा आठवडे गप्प होते. ढेकूण, झुरळं असं काही असतं तर हे खूप महाग पडलं असतं. जर्मनीत नवीन येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, आणि जुनं किचन घेताना पैसे द्यायच्या आधी खालची पट्टी ओढून बघा, ड्रॉवरच्या मागे हात घाला, भोकांत टॉर्च मारा. विकणाऱ्याला राग येईल असं वाटतं, येत नाही.

बंद पाकिटातलं जे वाचलं ते उणे १८ ला आठवडाभर ठेवून मग बरणीत भरलं. फ्रीजरचे तीनच कप्पे, त्यामुळे हे काम डिसेंबरभर चाललं. नाचणी सत्व मात्र टाकलं, लेकीच्या बाबतीत धोका नको होता. त्या दिवाळीला चकली झाली नाही, आजींना बेसनाचे लाडू नेऊन दिले, बेसन नवीन आणलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी रेसिपी विचारली.

शेवटचं कार्ड जानेवारीत लावलं. ते संपल्यावर पुन्हा एक वासाचा सापळा टांगला, आता मारायला नाही, नुसतं बघायला. फेब्रुवारीत एक नर सापडला. मार्चमधे काही नाही. मार्चच्या शेवटी आण्णांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, सुरूच्या (थंडीच्या शेवटी लावलेल्या) उसाचं कोवळं पान, खाली टाचलेली पट्टी, त्यावर काळे ठिपके. मी सापळ्याचा फोटो काढून पाठवला, कोरा, चिकट, पांढरा. आईचा लगेच फोन, "भाजणी किती पाठवू?" मी म्हटलं दोन किलो पाठव, आणि फ्रीजरचा मधला कप्पा रिकामा करायला घेतला.