पिशव्यांच्या मातीसाठी पीटीओवरचं पल्व्हरायझर

रोपांच्या पिशव्या भरायला बारीक माती लागते. आवारात आणून टाकलेल्या गाळाच्या ढिगातली ढेकळं कुदळीनं फोडत बसण्यापेक्षा पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारं पल्व्हरायझर, म्हणजे हॅमरनं ढेकळं फोडणारं यंत्र, वेल्डिंगच्या दुकानात करून घेता येतं. ३५ एचपीचा ट्रॅक्टर पुरतो.

पीटीओला मिनिटाला ५४० फेरे. रोटर, म्हणजे हॅमर लावलेला फिरता भाग, थेट जोडला तर मार बसत नाही, ढेकूळ नुसतं घोळत राहतं. म्हणून पीटीओकडच्या शाफ्टवर १२ इंची पुली, रोटरवर ६ इंची, मध्ये बी सेक्शनचे तीन बेल्ट. रोटर १०८० वर फिरतो आणि ४०० मिमी व्यासाला हॅमरच्या टोकाचा वेग सेकंदाला २२ मीटरच्या वर जातो. याहून वाढवू नका, मातीचं पीठ होतं आणि पाणी पडलं की पिशवीत ते थापल्यासारखं बसतं.

रोटरचा शाफ्ट ४५ मिमी, ईएन-८ (मध्यम कार्बनच्या) पोलादाचा. चकत्या १२ मिमी जाडीच्या, ३०० मिमी व्यासाच्या; मध्यापासून १२० मिमीवर २० मिमीच्या चार पिना. हॅमर भोकापासून टोकापर्यंत ८० मिमी आणि पिनेवर सैल झुलणारे, म्हणजे दगड आला तर मागे वळतात. घट्ट वेल्ड केलेले हॅमर दगडाचा सगळा हिसका बेअरिंगला देतात.

हॅमरला जुन्या कमानपाट्याचं पोलाद उत्तम, पण साध्या ड्रिलला ते दाद देत नाही. लालबुंद तापवून राखेत हळूहळू गार होऊ द्या, मग भोक पाडा. नंतर फक्त टोक तापवून तेलात विझवा. भोकाकडची बाजू मऊच ठेवायची, नाहीतर तिथूनच तडकतं. समोरासमोरच्या पिनांवरच्या हॅमरांचं वजन सारखं हवं. एक तुटला की समोरचाही बदलायचा. नुसता रोटर दोन सपाट पट्ट्यांवर ठेवून पाहा. एकच बाजू सारखी खाली येत असेल तर समतोल नाही, आणि असा रोटर बेअरिंग खातो.

मागून पाहिलं तर पीटीओ घड्याळाच्या दिशेनं फिरतो. रोटरचा शाफ्ट पीटीओला समांतर असल्यानं माती टाकायचा हॉपर ट्रॅक्टरच्या उजव्या अंगाला हवा; तिकडे हॅमर खाली जातात. डाव्या अंगाला लावला तर ढेकळं उलट तोंडावर येतात.

खालची चाळण भोकांच्या पत्र्याची नको, ओलसर माती तासाभरात ती बुजवते. १२ मिमीच्या चौकोनी सळ्या, तेवढ्याच फटीनं, शाफ्टला समांतर लावा. चाळण आणि हॅमरमध्ये १५ मिमी अंतर पुरे.

काळी माती वाफशावर असतानाही टाकू नका, लगदा होतो. मूठ दाबून सोडली की विस्कटली पाहिजे.

पीटीओच्या शाफ्टवर गार्ड आणि ८ मिमीचा शिअर बोल्ट (जास्त जोर आला की आधी तुटणारा) हवाच. तो तुटला की जागी टणक बोल्ट ठोकायचा मोह टाळा. पीटीओ बंद केल्यावरही रोटर बराच वेळ फिरत राहतो. पुली पूर्ण थांबलेली डोळ्यांनी दिसेपर्यंत चाळणीचं झाकण उघडायचं नाही.