ओळ क्रमांक ४६

शनिवार, ३ मे २०२५, मेसन, ओहायो

रात्रीचे साडेअकरा. जेवणाच्या टेबलावर बुटांचं एक खोकं आहे आणि खोक्यात मंडळाचं अख्खं वर्ष. गणपतीच्या हॉलचं भाडं, फॉइलच्या ट्रेंचं बिल, ढोल-ताशावाल्या पोरांच्या पिझ्झ्याच्या पावत्या. एका पावतीवर तुपाचा डाग पडलाय, रक्कम दिव्याखाली धरल्याशिवाय दिसत नाही. खजिनदार होऊन तिसरं वर्ष. ९९० ईझेड, म्हणजे करमुक्त संस्थांनी सरकारला दरवर्षी द्यायचा हिशेबाचा फॉर्म, १५ तारखेच्या आत गेला पाहिजे, आणि दरवर्षीप्रमाणे मी तो शेवटच्या पंधरवड्यातच काढलाय.

ओळ क्रमांक ४६ पाशी आलो आणि पेन थांबलं. संस्थेने कुठल्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचारात भाग घेतला का, असा साधा प्रश्न. उत्तर 'नाही'. गेल्या गणपतीत स्कूल बोर्डाला उभे असलेले एक गृहस्थ आले होते आणि त्यांना दोन शब्द बोलायचे होते. सेक्रेटरीबाईंनी हसत हसत सांगितलं, "आरती करा, प्रसाद घ्या, माइक मिळणार नाही." बिचाऱ्यांनी आरतीला टाळ्या वाजवल्या आणि दोन मोदक खाऊन गेले.

तर 'नाही' वर खूण केली, पण मन तिथेच अडकलं. कारण संध्याकाळी लेकीचा फोन आला होता.

"बाबा, ट्रम्पची कालची पोस्ट वाचलीस? हार्वर्डची करसवलत काढून घेणार म्हणे. म्हणे, तीच त्यांची लायकी आहे. आता बोल."

मी "बघतो" म्हटलं आणि विषय तिच्या परीक्षेवर नेला. ती हुशार आहे, तिने नेऊ दिला.

तिचं म्हणणं असं की, लहानपणापासून जेवताना तिने एकच गोष्ट ऐकली: सिनसिनाटीची. ते खरंही आहे. २०१३ च्या मे महिन्यात आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, डाउनटाउनमध्ये मेन स्ट्रीटवर जी फेडरल बिल्डिंग आहे, तिथे आयआरएसचं, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याचं, करमुक्त संस्थांचे अर्ज तपासणारं ऑफिस बसायचं. देशभरातले अर्ज नदीपलीकडच्या कव्हिंग्टनच्या टपालपेटीत यायचे आणि तिथून या टेबलांवर. २०१० पासून तिथे एक यादी फिरत होती. अर्जदाराच्या नावात 'टी पार्टी', 'पेट्रियट्स' किंवा '९/१२' दिसलं की अर्ज बाजूला काढायचा. यादीचं नाव 'बी ऑन द लुकआउट', म्हणजे नजर ठेवा. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं 'बोलो'. नाव 'बोलो' आणि काम लोकांना गप्प बसवायचं. हा विनोद मी बारा वर्षं मराठी माणसांना सांगतोय, अजून हशा मिळतो.

टी पार्टीची माणसं मी जवळून पाहिलीत. २००९ मध्ये मंदीवर उतारा म्हणून ७८७ अब्ज डॉलरचं सरकारी स्टिम्युलस पॅकेज निघालं, त्यावर चिडून १५ एप्रिलला रस्त्यावर आलेले लोक. कोणी प्लंबर, कोणी निवृत्त शिक्षिका. सगळे संत नव्हते. काहींच्या फलकांवरचं वाचून मलाही कसंसंच झालं होतं. पण फलक लिहायचा हक्क आणि अर्ज वेळेत तपासून मिळण्याचा हक्क हे दोन्ही त्यांचे होते.

१० मे २०१३ ला आयआरएसच्या करमुक्त संस्था विभागाच्या प्रमुख लोइस लर्नर बाईंनी वकिलांच्या एका बैठकीत, आधी ठरवून विचारायला लावलेल्या प्रश्नाच्या उत्तरात, माफी मागून टाकली. चार दिवसांनी ट्रेझरीच्याच, म्हणजे आयआरएस ज्याच्या हाताखाली येतं त्या अर्थखात्याच्या, महानिरीक्षकांचा अहवाल आला. तो मी छापून घेतला होता, अजून फडताळात आहे. त्यातले आकडे पाठ झालेत. २९६ अर्ज तपासले. १०८ मंजूर, २८ अर्जदारांनीच कंटाळून मागे घेतले, १६० पडून. पडून म्हणजे किती, तर २०६ दिवसांपासून ते १,१३८ दिवसांपर्यंत. आणि नामंजूर किती? एकही नाही.

हा 'एकही नाही' मला त्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात धूर्त आकडा वाटतो. माझे डेमोक्रॅट मित्र तेव्हा म्हणायचे, "अरे, एकालाही नकार दिला नाही, मग अन्याय कसला?" मी सांगलीचा. आमच्या अण्णांचा छापखाना होता, आणि कागदाच्या कोट्यासाठी त्यांनी घातलेले हेलपाटे मी सायकलच्या पुढच्या नळीवर बसून पाहिलेत. त्यांना 'नाही' कोणी कधीच म्हटलं नाही. "साहेब दौऱ्यावर आहेत." "एक कागद कमी आहे." सरकारी काम आणि सहा महिने थांब. 'नाही' म्हणायला कारण लिहावं लागतं, खाली सही करावी लागते, आणि त्या सहीवर पुढे अपील होतं. थांबवून ठेवायला काहीच लागत नाही.

इथे तर गंमत अशी की आमच्या मंडळासारख्या धर्मादाय संस्थेला २७० दिवस उत्तर मिळालं नाही तर कोर्टात जाता येत होतं. टी पार्टीवाल्यांचे अर्ज होते ५०१ सी ४ खाली, म्हणजे थोडंफार राजकारणही चालणाऱ्या समाजकल्याण संस्थांच्या कलमाखाली. त्यांना ती वाटच नव्हती. काँग्रेसने ती उघडली २०१५ च्या डिसेंबरात. वर पुन्हा, सी ४ संस्थेला तेव्हा अर्ज न करताही काम सुरू करता येत होतं. म्हणजे जे सरळमार्गी लोक रीतसर दार वाजवायला गेले, तेच उंबऱ्यावर उभे राहिले. दोन निवडणुका होऊन गेल्या तोवर.

आणि प्रश्न काय विचारले होते! देणगीदारांची नावं द्या. तुमच्या पदाधिकाऱ्यांपैकी कोणी निवडणूक लढवणार आहे का? तुमचे वक्ते कोणत्या पक्षाचे? ज्या १७० संस्थांना जादा माहितीची पत्रं गेली, त्यातल्या ९८ जणांना विचारलेलं अनावश्यक होतं, असं महानिरीक्षकांनीच लिहिलंय. आमच्या मंडळाकडे १०१ डॉलर देणाऱ्या आजींची यादी कोणी मागितली असती तर? पुढच्या वर्षी त्या आजींनी दिले असते का?

तेव्हाचा बचाव असा होता की, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये कंपन्या-संस्थांना निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायची मुभा दिली, त्यानंतर अर्जांचा पूर आला, बिचारे कर्मचारी काय करणार. पूर? सी ४ चे अर्ज २००९ मध्ये १,७५१ आणि २०१० मध्ये १,७३५. सोळा कमीच! वाढले ते नंतर, २०१२ मध्ये ३,३५७. छत्री आधी उघडली आणि पाऊस मागून आला.

मग लर्नरबाईंनी काँग्रेसपुढे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क देणाऱ्या पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन उत्तरं नाकारली. तो त्यांचा हक्क. त्यांच्या कॉम्प्युटरची हार्ड ड्राइव्ह २०११ मध्येच गेली होती, हे काँग्रेसला कळलं २०१४ मध्ये. बॅकअपच्या ४२२ टेप्स पुसल्या गेल्या. मुद्दाम पुसल्याचा पुरावा नाही, असं तपासणीत निघालं, तेही मान्य. पण मी इथे तूप सांडलेली पावती सात वर्षं जपून ठेवायची म्हणून प्लॅस्टिकमध्ये घालतोय, हेही लिहून ठेवतो. २०१५ मध्ये न्याय खात्याने कोणावरही गुन्हा न नोंदवता प्रकरण बंद केलं. सिनसिनाटीच्याच अपील कोर्टाने २०१६ मध्ये आयआरएसच्या वकिलांना चांगलंच झापलं. शेवटी २०१७ मध्ये माफीनामा आणि एका खटल्यात ३५ लाख डॉलरची तडजोड.

त्याच वर्षी महानिरीक्षकांचा दुसरा अहवाल आला. 'प्रोग्रेसिव्ह', 'ऑक्युपाय' अशी डाव्या गटांची नावंही बाजूला काढली जात होती. आमच्या, म्हणजे रिपब्लिकन, बाजूच्या लोकांनी तो वाचलाच नाही. मी वाचला, आणि खरं सांगायचं तर वाचून चिडलो, कारण माझी गोष्ट बिघडत होती. आता वाटतं, बिघडली नव्हती. नावांची चाळणी हातात असली की आज हे दाणे अडकतात, उद्या ते.

आता लेकीचा प्रश्न. मत मी ट्रम्पनाच दिलंय, लपवत नाही. हार्वर्डवर माझा लोभ नाही. ज्यू विद्यार्थ्यांना तिथे जे सोसावं लागलं त्याबद्दल चौकशी व्हावी, नियमाने व्हावी, दोष सापडला तर शिक्षाही व्हावी. पण १९९८ मध्ये काँग्रेसने एक कलम केलंय, ७२१७. राष्ट्राध्यक्षांनी, उपराष्ट्राध्यक्षांनी किंवा त्यांच्या कार्यालयातल्या माणसांनी एखाद्या ठरावीक करदात्याची चौकशी लावायला आयआरएसला सांगायचं नाही, आडूनसुद्धा नाही. ते केलं तेव्हा दोन्ही सभागृहांत बहुमत आमच्याच पक्षाचं होतं. ओबामांच्या वेळी मी गल्लीबोळात याच धर्तीवर बोलत फिरलो. तेव्हा निदान यादी लपवावी तरी लागली होती. इथे पोस्टच टाकलीय.

आमच्या शनिवारच्या टेनिसच्या ग्रुपवर सकाळपासून टाळ्यांचे इमोजी पडताहेत. "बरं झालं, त्यांनी आपल्याला केलं ना?" चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, एवढंच जर आमचं राजकारण असेल तर त्या २९६ अर्जांबद्दल मी इतकी वर्षं घसा कोरडा कशाला केला? ग्रुपवर ७२१७ बद्दल चार ओळी टाइप केल्या. एकाने लगेच विचारलं, "काय रे, लेक हार्वर्डला आहे का?" ती स्टेट युनिव्हर्सिटीत आहे. तेवढं लिहिलं आणि फोन उलटा ठेवला.

बारा वाजून गेले. लेकीला मेसेज टाकला: "वाचली पोस्ट. चूक आहे. तू बरोबर." तिचं उत्तर लगेच आलं: "स्क्रीनशॉट काढला."

फॉर्मची शेड्यूल जी ही पुरवणी अजून बाकी आहे, आणि दिवाळीच्या लॉटरीची ४० डॉलरची एक पावती जुळत नाहीये.