केशरी रंगावर जाऊ नका

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफमध्ये राहायला आल्यापासून दहापट मोठं दाखवणारं भिंग माझ्या खिशात कायम असतं. क्रेल, अँस्ट्रदर अशा कोळ्यांच्या गावांत धक्क्याच्या भिंती, कौलं, थडगी, जिकडे पाहावं तिकडे केशरी-पिवळे चट्टे. भारतातून पाहुणे आले की हमखास विचारतात, "हा गंज का गं?" गंज नव्हे, ते लायकेन. बुरशी आणि शैवाल मिळून झालेला जीव, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलासारखाच.

बहुतेक वेळा ते झँथोरिया पॅरिएटिना असतं. पण केशरी दिसलं की तेच, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. रंग हा इथे सगळ्यात कच्चा पुरावा आहे. तो पॅरिएटिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. प्रखर उजेडापासून आतल्या शैवालाला जपायला बुरशी हे द्रव्य वरच्या थरात साठवते. त्यामुळे उन्हातल्या भिंतीवर हे लायकेन भडक केशरी होतं आणि सावलीतल्या खोडावर तेच हिरवट-करडं राहतं. पाऊस पडून गेला की आणखी हिरवं दिसतं.

म्हणून मी आधी कड बघते. झँथोरियाच्या पाकळ्या चपट्या, काही मिलीमीटर रुंद, टोकाला गोलसर. नखाने अलगद उचलली तर कड उचलली जाते आणि खालची बाजू पांढुरकी दिसते. (मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल उलटं करून बघा, ते खालून काळं असतं.) नख आत शिरतच नसेल, सगळं दगडाशी एकजीव झालं असेल, तर ते बहुधा कॅलोप्लाका, म्हणजे दगडाला खपलीसारखं चिकटणारं दुसरं केशरी लायकेन. समुद्राकाठच्या खडकांवर, लाटांचे शिंतोडे पोचतात त्या भागात दोन्ही शेजारी शेजारी सापडतात, तेव्हा नख फार कामी येतं.

कडेनंतर मधला भाग. तिथे केशरी चकत्यांची दाटी असते, प्रत्येकीला किंचित फिकट कठडा. बुरशीचे बीजाणू यांतूनच बाहेर पडतात. बारीक काटकीवर इवलीशी उशी आणि चकत्यांच्या गर्दीत पाकळ्या जवळपास झाकलेल्या, असं दिसलं तर ती झँथोरिया पॉलिकार्पा.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की झँथोरिया लगेच जांभळट-लाल होतं. पण बहुतेक केशरी कॅलोप्लाकाही तसंच होतं, त्यामुळे या दोघांत निवाडा करायला थेंब उपयोगाचा नाही. कँडेलारिएलासारखी पिवळी लायकेन वेगळी काढायला मात्र चांगला.

जागाही बोलते. झँथोरियाला नायट्रोजन मानवतो. सीगल बसतात ती छपराची धार, गोठ्याची भिंत, खत पडणाऱ्या शेताचं कुंपण, तिथे ते फोफावतं. म्हणूनच एखाद्या रानात फांद्या न् फांद्या केशरी झालेल्या आणि करडी, झुपकेदार लायकेन नाहीशी झालेली दिसली की मला काळजी वाटते. हवेत अमोनिया वाढल्याची ती खूण असू शकते.

पावसाळ्यात सह्याद्रीतून मला केशरी खोडांचे फोटो येतात. ते बहुतेकदा ट्रेंटेपोहलिया असतं. गटाने हिरवं शैवाल, पण कॅरोटिनॉइडमुळे केशरी दिसणारं. त्याला ना पाकळ्या, ना चकत्या, नुसता मऊ थर. तेव्हा लांबून अख्ख्या झाडाचा फोटो काढलात तरी सोबत कडेचा एक अगदी जवळून काढा, आणि जमल्यास त्यात नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल.